तीन ते सव्वातीन

कार्ड घेणाऱ्या त्या यंत्राला पोरींनी पहिल्याच आठवड्यात ‘जावईबापू’ म्हणायला सुरुवात केली होती. नाव चपखल होते. सुपरमार्केटच्या पाच काउंटरांपैकी एकट्या पहिल्या काउंटरवर ते बसवलेले. त्याला स्वतंत्र प्लग, धूळ बसू नये म्हणून शिवून घेतलेले झाकण, आणि पंख्याचा वारा थेट लागणार नाही अशी जागा. कार्ड एका दमात, एकाच वेगाने ओढले नाही की स्वारी रुसली. फार वापरलेल्या कार्डाची काळी पट्टी त्याला वाचता येत नसे. तेव्हा कार्ड भाजीच्या पातळ पिशवीत गुंडाळून पुन्हा ओढायचे. हा उपाय कुठल्याही माहितीपत्रकात नव्हता, पण बहुतेक वेळा लागू पडे. नुसतं दिलं तर घेत नाहीत, गुंडाळून दिलं की घेतात, असे तिसऱ्या काउंटरवरची मुलगी म्हणे, आणि रांगेतल्या बायका हसत. हसण्याचे दिवस होते ते, निदान इतरांचे.

पहिल्या काउंटरवर बसणारीला सगळे ताई म्हणत. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, एकोणीस वर्षे गल्ल्यावर काढलेली, आणि त्या एकोणीस वर्षांत पाठीचा कणा खुर्चीच्या आकाराचा झालेली अशी ती बाई होती. यंत्राआधीही कार्डे येत, पण तेव्हा त्यांच्यासाठी लोखंडी दाबयंत्र होते: तीनपानी पावतीखाली कार्ड ठेवायचे, मूठ आवळून वरची पट्टी या टोकापासून त्या टोकाला रेटायची, की उठावाचे आकडे कार्बनमधून कागदावर उतरत. बंद झालेल्या कार्डांची बारीक टाइपातली पुस्तिका दर आठवड्याला येई आणि तीतून बोट फिरवता फिरवता डोळ्यांसमोर मुंग्या येत. मनगट दुखे. पण त्या सगळ्या खटाटोपाला टेलिफोन लागत नसे.

नव्या यंत्राला लागे. अख्ख्या दुकानात लाइन एकच. व्यवस्थापकांच्या काचेच्या खोलीतून तिची एक फांदी छताच्या कडेकडेने पहिल्या काउंटरपर्यंत आणून सोडलेली. कार्ड ओढले की यंत्र आतल्या आत नंबर फिरवी, दूरच्या कुठल्याशा संगणकाशी चिरक्या आवाजात काही बोले, आणि मिनिट-दीड मिनिटाने त्याच्या हिरव्या पट्टीवर ‘मंजूर’ ही अक्षरे उमटत. तेवढा वेळ दुकानाचा टेलिफोन मुका. बाहेरून कुणी नंबर फिरवलाच, तर त्याच्या कानात नुसता गुंतलेल्या लाइनचा तुटक सूर. दुसऱ्या लाइनसाठी यंत्र यायच्या कितीतरी आधीच अर्ज केला होता. तो कुठल्यातरी टेबलावर गेले आठ महिने आपला वाढदिवस मोजत पडला होता.

आणि ताईचे वडील रोज दुपारी तीन वाजता फोन करत.

ते निवृत्त वजनमाप निरीक्षक. चौतीस वर्षे दुकानोदुकानी जाऊन त्यांनी तराजू तपासले, पितळी वजनांवर शिक्के मारले, आणि कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. आता त्यांच्याच डोक्यातला काटा एका बाजूला कलला होता. सकाळी ते ठीक असत. दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू त्यांना जेवायला घालून, निजवून जात. तीनला ते उठत, आणि उठल्यावर ते घर त्यांचे नसे. भिंती कुणाच्या, खाटेवर हा हात कुणाचा पडला आहे, घरातली माणसे कुठे गेली, यातले काही म्हणजे काही लागत नसे. मग टेलिफोनजवळच्या पुठ्ठ्यावर बोटभर उंचीने लिहिलेला दुकानाचा नंबर ते एकेक आकडा जुळवत फिरवत. प्रश्न तीनच. जेवलीस का. नळ बंद केला का. कधी येतेस. ती काचेच्या खिडकीतून हात घालून रिसीव्हर उचली आणि म्हणे, “साडेचारला येते बाबा. तोवर खिडकीत बसा.” एखादा सरकारी आदेश पाळावा तसे ते साडेचारपर्यंत खिडकीत बसून राहत. एवढ्या एका वाक्यावर त्या घराची दुपार तोललेली होती.

तिने आपणहून फोन करावा, तर तीही सोय नव्हती. वाजणारा फोन ते कधीच उचलत नसत. नोकरीच्या काळात घरी येणारा प्रत्येक फोन कुणातरी दुकानदाराचा, गोड बोलून काही मागणारा असे. वाजेल तो उचलायचा नाही, हा नियम बायकोचे नाव विसरल्यावरही त्यांच्या हाडात शाबूत होता. बाहेरून कुलूप लावूनही झाले होते. त्या दिवशी त्यांनी दार इतके बडवले की संध्याकाळी तळहात सुजून टम्म झाले, आणि ताईने ते कुलूप उचलून जिन्याखालच्या अडगळीत टाकून दिले.

यंत्र आले त्याच आठवड्यातली गोष्ट. तीनच्या सुमारास एक बाई दोन गाड्या भरून सामान घेऊन आली आणि तिचे कार्ड तीनदा ओढावे लागले. लाइन गुंतलेली. वडिलांनी किती वेळा नंबर फिरवला कोण जाणे. शेवटी रिसीव्हर तसाच लोंबकळता सोडून, दार सताड उघडे टाकून ते निघाले. चार गल्ल्या पलीकडे, धान्याच्या दुकानात सापडले. दुकानदाराला बाजूला सारून त्यांनी त्याचा काटा तपासायला घेतला होता आणि तीस ग्रॅम मारतोस म्हणून त्याला सुनावत होते. दुकानदार आधी हसला. मग त्याने स्वतः वजन करून पाहिले आणि त्याचे हसू मावळले, कारण काटा खरोखरच तीस ग्रॅम मारत होता. पोलिसांना त्यानेच बोलावले.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरातून दादा आला. थोरला भाऊ. दादा वाईट नव्हता. लांब होता, आणि लांबून सगळेच सोपे दिसते. वृद्धांच्या एका संस्थेत त्याने जागा बोलून ठेवली होती: बाग आहे, डॉक्टर आहे, फाटकाशी माणूस आहे. त्याने तिच्यापुढे छापील पत्रक ठेवले आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “आणखी एकदा बाहेर पडले, की मी काही ऐकून घेणार नाही. नेईन. अगं, तुझं तुला कळत नाही, यात तूच संपशील.” तिने मान हलवली. फाटकाशी बसलेला माणूस तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तीनला उठून वडील त्याला विचारतील, कधी येतेस. आणि त्याला ते उत्तर माहीत नसेल.

तेव्हापासून तिने खोटे बोलायला सुरुवात केली. तीनला पाच कमी असताना ती यंत्राची वायर सॉकेटमधून हळूच उपसून काढी आणि काउंटरवर पाटी ठेवी: ‘यंत्र बंद आहे. रोख द्यावी.’ सव्वातीनला वायर परत. पोरी सामील होत्या. कुणी कार्ड पुढे केलेच तर तिसऱ्या काउंटरवरची गंभीर चेहऱ्याने सांगे, “आत्ता नाही चालायचं. जावईबापूंची वामकुक्षी आहे.” काही गिऱ्हाइके करवादत, सामान तिथेच टाकून जात. एरवी एका पैशाचा फरक लागला तर झोप न येणारी ही बाई रोज पंधरा मिनिटे सर्वांदेखत खोटे विकत होती. त्या खोट्याचा तिला पश्चात्ताप होत नव्हता. त्याचा थकवा मात्र येत होता, ओल्या घोंगडीसारखा, घरी गेल्यावरही न उतरणारा.

संगणकाला मात्र डुलकी लागत नव्हती. दोन महिन्यांनी कार्ड कंपनीकडून पत्र आले: आपल्या दुकानातील यंत्र दररोज तीन ते सव्वातीन प्रतिसाद देत नाही. व्यवस्थापक हादरले. हे यंत्र त्यांच्या शिरपेचातला तुरा होता. इतर शाखांनी आमच्याकडे येऊन बघावे, असे ते मुख्य कार्यालयात छातीठोकपणे सांगून आले होते. त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावले, आणि तो आला तेव्हा ताईच्या डोक्यावरून त्याला म्हणाले की यंत्राचा दोष असेल तर यंत्र जाईल, माणसाचा असेल तर माणूस.

दुरुस्तीवाला पंचेचाळिशीचा. खांद्यावर कातडी बॅग, डोळ्यांखाली प्रवासाची काळी अर्धवर्तुळे. त्या महिन्यातले हे त्याचे एकतिसावे दुकान, असे त्याने कुणी न विचारता सांगितले. बॅगेतून त्याने स्टॉपवॉच काढले, चाचणीचे एक पांढरे कार्ड काढले, आणि रीत समजावून दिली: गिऱ्हाइकाचे कार्ड असेल तर ताईने ते ओढायचे, नसेल तेव्हा तो आपले ओढणार, अडीच ते साडेतीन, एकामागून एक, मध्ये खंड नाही. म्हणजे तासभर दुकानाचा टेलिफोन बंद. व्यवस्थापक शेजारी हाताची घडी घालून उभेच.

तीनला पाच कमी झाले. ताईचा हात सवयीने वायरीकडे गेला आणि परत आला. सांगून टाकावे, असे तिला वाटले नाही असे नाही. पण सांगायचे म्हणजे नुसते फोनचे सांगून भागणार नव्हते. झोपेतून उठल्यावरचे ते घर सांगावे लागले असते, सुजलेले तळहात सांगावे लागले असते, आणि हे सगळे रांगेसमोर, साबण आणि पिठाच्या पिशव्यांच्या साक्षीने, हाताची घडी घातलेल्या माणसाला. तेवढे शब्द उचलण्याचे बळ तिच्या अंगात उरले नव्हते. तिसऱ्या काउंटरवरचीने तिच्याकडे पाहिले, उठून आली, आणि दुरुस्तीवाल्याला लाडीगोडीने विचारू लागली की चहा घेता का, मागे खोलीत छान जागा आहे बसायला. तो म्हणाला यंत्राला चहा लागत नाही तोवर मलाही नको. ती तोंड वाकडे करून परत गेली.

तीन वाजले.

काहीच झाले नाही, आणि ते काहीच न होणे ताईला स्पष्ट ऐकू येत होते. काचेपलीकडचा काळा टेलिफोन पालथ्या पडलेल्या कासवासारखा निपचित. यंत्र नंबर फिरवत होते, चिरकत होते, थांबत होते. मंजूर. पावती फाडली, गिऱ्हाइकाची सही घेतली, कार्डामागच्या सहीशी ताडून पाहिली. दोन्ही सह्यांतले एक अक्षरही तिच्या डोळ्यांत शिरले नाही. मंजूर. आता ते पुठ्ठ्यावर बोट ठेवून पाहत असतील. पांढरे कार्ड. मंजूर. आता पुन्हा फिरवत असतील. मंजूर. जगात सगळे मंजूर होत चालले होते आणि एका खोलीत एक म्हातारा माणूस तीन प्रश्न हातात धरून उभा होता.

तीन वाजून वीस मिनिटांनी मागच्या दाराशी मालाचा ट्रक लागला आणि व्यवस्थापक तिकडे गेले. दुरुस्तीवाल्याने स्टॉपवॉच थांबवले. यंत्र ठणठणीत आहे, तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, यंत्राकडे बघतच, त्याने विचारले, “ताई, रोज तीनला काय होतं?”

“माझ्या वडिलांचा फोन येतो.”

“रोज?”

“रोज. नाही लागला तर ते घराबाहेर पडतात.” तिने जोडले, “त्यांना परत येता येत नाही.”

एवढ्यातच ते सगळे मावले, याचे तिला नंतर नवल वाटले. दुरुस्तीवाल्याने वाकून स्वतःच सॉकेटमधून वायर उपसली आणि खिडकीकडे हात केला. ते फोन उचलत नाहीत हे ठाऊक असूनही ताईने खिडकीतून हात घालून घरचा नंबर फिरवला. निदान घंटा वाजते आहे, एवढे तरी ऐकायला मिळाले असते. घंटा वाजली नाही. लाइन गुंतलेली होती. त्या घरात बोलणारे माणूस एक, आणि ज्या एकाच ठिकाणी ते बोले ते ठिकाण इथे, तिच्या हातात होते. म्हणजे तिकडचा रिसीव्हर खाली पडलेला होता. मागच्या वेळी लोंबकळत होता, तसा.

तिने गल्ला बंद केला आणि किल्ली तिसऱ्या काउंटरवरचीच्या मुठीत दिली. दारात व्यवस्थापक आडवे आले. बाई, रांग उभी आहे, ते म्हणाले.

“उभी राहू दे, साहेब,” ती म्हणाली आणि त्यांना वळसा घालून बाहेर पडली.

घर वीस मिनिटांच्या वाटेवर. त्या वाटेवर इतके तराजू आहेत हे तिला आजवर जाणवले नव्हते. खिळे तोलणारा लोखंडी सामानवाला, रद्दी टांगून बघणारा भंगारवाला, फळांच्या गाडीवरची ती डगमगती पारडी. जिथे म्हणून काटा दिसला तिथे ती थांबली, आत डोकावली, पुढे गेली. अंगावर दुकानाचा निळा कोट तसाच होता आणि लोक वळून पाहत होते. धान्याच्या दुकानाशी पोहोचली तेव्हा तिच्याने विचारवले नाही, दुकानदारानेच ओळखले. “आज नाही आले,” तो म्हणाला. मग जरा ओशाळून, “काटा दुरुस्त करून घेतलाय. सांगा त्यांना.”

तीन मजले ती कठड्याला धरून चढली. दार लोटलेले होते. तिने ते ढकलले.

वडील टेलिफोनजवळच्या स्टुलावर बसलेले होते. रिसीव्हर कानाला. पाठ ताठ, चेहऱ्यावर फार लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाचे समाधान. दार करकरल्यावर त्यांनी रिसीव्हरमध्ये सांगितले, “थांब हं, कुणीतरी आलंय.” मग मान वर करून तिच्याकडे पाहिले, आणि त्यांच्या कपाळावर एक हलकी आठी उमटली.

“आलीस? आत्ता तर बोलत होतीस.”

तिने जाऊन त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला. हात ऊबदार होता, रिसीव्हरही. कानाला लावला. आत गुंतलेल्या लाइनचा तो तुटक सूर, सारख्या अंतराने, कुणालाही न अडवता चाललेला. जणू पलीकडचे कुणी दर वाक्याला हुंकार देत आहे.

“आज बरं बोलणं झालं,” वडील म्हणाले. “रोज तू घाईत असतेस. मधेच तोडतेस. आज शेवटपर्यंत ऐकून घेतलंस.”

ती खाटेच्या कडेवर बसली. सुटकेने रडू यावे असा तो क्षण होता. पण आले ते रडू नव्हे. गेले दोन महिने नोकरी पणाला लावून, रोज पंधरा मिनिटांचे खोटे उभारून तिने त्यांच्यासाठी जी वाट मोकळी ठेवली होती, तिच्या टोकाला तेवढीच तीन ठरावीक उत्तरे होती आणि मागे खोळंबलेली रांग. आणि ज्या दिवशी वाट बंद झाली, त्या दिवशी त्यांनी मन मोकळे केले.

“काय काय सांगितलंत बाबा?” तिने विचारले.

“सांगितलं ना एकदा.”

“पुन्हा सांगा की.”

“तेच तेच काय सांगायचं?” ते जरा चिडून म्हणाले. एका संध्याकाळी अकरा वेळा नळाचे विचारणारा हा माणूस.

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला. थोड्या वेळाने टेलिफोन वाजला. वडिलांनी हाताने नको नको केले, पण तिने उचलला. दुरुस्तीवाला होता; नंबर त्याला तिसऱ्या काउंटरवरचीने दिला होता. वडील सापडले का, त्याने विचारले. घरीच होते, ती म्हणाली. पलीकडे तो सुस्कारला. मग जरा दबक्या आवाजात सांगू लागला की अहवाल अजून लिहायचा आहे आणि त्याने एक विचार केला आहे. लाइन जुनी आहे, दुपारच्या वेळी तापते, सबब तीन ते सव्वातीन यंत्राला विश्रांती द्यावी, असे तो लिहून टाकील. व्यवस्थापकांना पटवलेही आहे. त्यांना तापण्याचे कारण फारच आवडले. आता पाटी कायदेशीर.

एकतीस दुकाने हिंडून दमलेल्या त्या माणसाने हे कुठून शोधून आणले असेल, या विचाराने तिला भरून आले. इतके दिवस कुणी हे वाक्य तिच्या पदरात टाकले असते, तर ती त्याच्या पाया पडली असती.

“नको,” ती म्हणाली. “चालू राहू दे.”

“आणि त्यांचा फोन?”

“लागला तर मी घेईन. नाही लागला तर,” ती थांबली. “नाही लागला तरी ते बोलतील.”

त्याला ते कळले नसावे. पण त्याने पुढे विचारले नाही. बरं, म्हणाला, उद्या वेळेवर या, तुमच्या साहेबांचा पारा उतरलाय. तिने त्याचे आभार मानले.

खोलीत ऊन तिरपे झाले होते. वडील कुठल्याशा ओझ्यातून मोकळे झाल्यासारखे स्टुलावर पाय हलवत बसले होते. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. आईबद्दल बोलले असतील. किंवा नोकरीतले काही, कुणाला न सांगितलेले. किंवा तिच्याबद्दलच, तिचे लग्न राहून गेले त्याबद्दल. इतक्या वर्षांत न बोललेले असे काही त्या तासाभरात त्या तारेतून गेले होते आणि कुठेच पोहोचले नव्हते.

“बाबा, आईचं काही बोललात का?”

त्यांनी तिच्याकडे पाहिले. क्षणभर ती नजर अगदी लख्ख होती.

“तुला माहीत आहे की सगळं,” ते म्हणाले.

“हो,” ती म्हणाली.